या महिन्याची भिशी

रुवैदा वरच्या मजल्यावर राहते. खारघर, सेक्टर बारा.
फार्मसीचं तिसरं वर्ष, भाडं वेळेवर,
चपला दाराबाहेर, टाचा भिंतीला लावून.
एका रात्री नऊला फोन घेऊन खाली आली :
टीचर, माझी बहीण. नववी. गणित.

तस्नीम. सुदानातलं कोस्ती, नदीकाठचं.
शाळेच्या अकरा वर्गांत आता बावीस कुटुंबं,
फळ्याच्या खिळ्यांना दोरी, दोरीवर कपडे,
आणि नववीच्या मुली अंगणात, एका झाडाखाली.
कुठलं झाड, मी विचारलं.
नीम, ती म्हणाली. आमच्याकडेही नीमच म्हणतात.
तेव्हा कुठे मला ते अंगण दिसलं,
पायाखाली फुटणाऱ्या लिंबोळ्यांसकट.

मी एकतीस वर्षं पनवेलच्या शाळेत
क्षची किंमत काढत आले.
तिच्या वहीत क्ष नाही.
तिथे एक अक्षर आहे, तीनच दात उरलेल्या फणीसारखं,
आणि समीकरण उजवीकडून सुरू होतं.
पहिल्या दिवशी मी तिचं अख्खं पान चुकीचं ठरवलं.
लाल पेनाने.
नंतर माझाच फोटो काढून पाठवला, कान धरलेला.

फोन चार्ज होतो पिठाच्या गिरणीत, गुरुवारी.
म्हणून आमचा आठवडा गुरुवारी सुरू होतो.
तिच्या आवाजामागे गिरणीचा पट्टा,
कुणीतरी पोरगं रडतंय,
एकदा दूरवर काहीतरी फुटलं
आणि ती म्हणाली, पुढचं उदाहरण.

मग परीक्षेची फी भरायची तारीख आली.
भिशीत मी विषय काढला, बशा उचलायच्या आधी.
पत्कीबाई म्हणाल्या, आपल्याकडच्या मुली काय कमी आहेत?
मी चमच्याने कोथिंबीर बाजूला सारत राहिले.
कमी नाहीत. ओव्यापर्यंत गेलं तरी दहा सापडतील.
मी गेले नव्हते, हेही खरंच.
कुणीतरी पंखा वाढवला.

घरतकाकू कोपरा गावच्या.
त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता सात मजली पार्किंग आहे,
तिथे त्यांचा नातू पावत्या फाडतो.
सातवीनंतरचं हायस्कूल खाडीपलीकडे होतं.
होडीचे दहा पैसे, आणि घरात एक भाऊ.
त्या एवढंच सांगतात. कधीही विचारा, एवढंच.
म्हणाल्या, माजा लंबर तिला दे.
पंधरा हजार. त्यातून त्यांना कवळी करायची होती.

बँकेतल्या मुलाने देशाचं नाव टाइप केलं
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.
मग रुवैदाच्या मावसभावाचा ओळखीचा दुकानदार,
त्याच्या मेव्हण्याचा फोन, मध्ये तीन माणसं,
प्रत्येकाचं थोडं थोडं कमिशन.
अकराव्या दिवशी पावतीचा फोटो आला.
शिक्का पुसट. नाव तिचं.

तिचं उत्तर जमलं की मी म्हणते, बरोबर.
रुवैदा थबकते. टीचर, हे कसं सांगू?
अचूक? समान? की सोबत?
आमच्यात तीन वेगळे शब्द आहेत.
मी म्हटलं, तिलाच विचार कुठला हवाय.
तिने अजून सांगितलेलं नाही.

परीक्षा दोनदा पुढे गेली.
गेल्या गुरुवारी पाठवलेल्या उदाहरणाला एकच टिक आहे,
या गुरुवारच्यालाही.
रुवैदा फोन उलटा ठेवते, सुलटा करते.
नऊला जिन्यावर पावलं वाजतात, थांबत थांबत,
घरतकाकू दारात, चष्मा लुगड्याला पुसत :
आला का गो उत्तर?
नाही अजून.
त्या बसतात. वही ओढतात.
बोटाने ते तीन दातांचं अक्षर चाचपतात, उजवीकडून,
आणि म्हणतात,
मंग तवर मना सांग, ह्या काय हाय.